दातांनी पंप ऐकणारे मामा

"बंद करा! आरं, बंद करा ती मोटार! गहू चावतीया ती, गहू!"

वेल्ह्याच्या अलीकडे, तोरण्याच्या सावलीतल्या एका गावात, नदीकाठच्या पंपाच्या खोलीतून ही आरोळी उठली आणि समोरच्या जांभळीवर बसलेले सगळे बगळे एकदम उडाले. माझ्या अंदाजाने ते थेट पालीला जाऊन उतरले असावेत. पंप चालवणारा गडी धावत आला आणि त्याने खटका पाडला. मागोमाग आमचे मामा खोलीतून बाहेर आले. हातात हातभर लांब स्क्रूड्रायव्हर, त्याच्या लाकडी मुठीवर दातांचे ताजे ठसे आणि चेहऱ्यावर नाडीपरीक्षा करून उठलेल्या वैद्याचा भाव.

"मामा, नदीत गहू कुठनं येतील?" गड्याने विचारलं.

मामांनी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं आणि आपल्याच तंद्रीत सांगितलं, "आज गहू चावतोय, म्हैन्यानं खडी चावंल. मग पंप बी ग्येला आन गावाचं पानी बी."

मामा म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. लोखंडाचं दुखणं त्यांच्याइतकं समजणारा माणूस भोर-वेल्ह्याच्या टापूत झाला नाही, पुढे होणार नाही, आणि चुकून झालाच तर मामा त्याला दोन प्रश्न विचारून मोडीत काढतील. राहायला उत्रोलीला. उमेदीची सगळी वर्षं एका वीजघरात काढली. काम काय, तर पाण्याच्या जोरावर फिरणारं ते अजस्र चक्र वर्षातून एकदा बंद ठेवत, तेव्हा त्याच्या पोटात उतरायचं, पात्यांना पडलेले खड्डे स्टेनलेसच्या वेल्डिंगने भरायचे आणि घासून गुळगुळीत करायचे. लोक पंचविसाव्या वर्षी संसारात पडतात. मामा चक्रात पडले आणि साठाव्या वर्षी बाहेर आले. बाहेर आले ते एक ज्ञान घेऊन आणि एक गोष्ट आत ठेवून. ज्ञान असं की लोखंडाला गंजापेक्षा बुडबुडा जास्त खातो. आत राहिले ते त्यांचे कान.

आधी ज्ञानाचं सांगतो. बुडबुडा लोखंड खातो, हे वाक्य आमच्या भागात पहिल्यांदा उच्चारलं गेलं तेव्हा ऐकणाऱ्यांनी मामांना सावलीत बसवून कांदा हुंगवला होता, असं मी ऐकलं आहे. पण मामा मागे हटले नाहीत. "पंपाला वढायला पानी कमी पडलं," ते सांगत, "की त्याच्या तोंडाशी पानी तानलं जातं. तानलं की गार असून उकळतं. बुडबुडं व्हत्यात. ते फुडं दाबात ग्येलं की फुटत्यात, आन फुटताना लोखंडावर असा हातोडा घालत्यात, की इचारू नका. राईएवढा बुडबुडा, पन दिसाला लाखांनी." हे सगळं ऐकून मामी स्वयंपाकघरातून म्हणाल्या होत्या, "पानी गार असून उकळतंय ना? मंग उद्यापासनं तुमचा च्या तसाच करते. ग्यास तरी वाचंल." दुसऱ्या दिवशी मामांना खरोखरच गार चहा मिळाला. त्यांनी तो निमूटपणे प्यायला. शास्त्रासाठी सोसावं लागतं.

लोकांना पटवायला त्यांनी एक प्रयोग बसवला होता आणि तो करायला त्यांना माझा साखरपुडा हीच योग्य जागा वाटली. जेवणं चालली होती. मामांनी थंड पेयाची एक काचेची बाटली गळ्यापर्यंत पाण्याने भरली, डाव्या हातात उंच धरली आणि उजव्या तळव्याने तिच्या तोंडावर एक सणसणीत फटका मारला. बाटलीचं तोंड शाबूत राहिलं आणि बूड खाली पडलं. बूड पडलं ते माझ्या थोरल्या काकांच्या पानात, मसालेभाताच्या मुदीवर, आणि पाठोपाठ पाणी. "बघितलं?" मामा आनंदाने म्हणाले. "हाताचं काम न्हाई ह्ये. बुडाशी बुडबुडं झालं, फुटलं, काच ग्येली." काकांनी पानातली काच बाजूला केली, माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "मुलीकडचे सगळे असेच आहेत, की हे एकटेच?" मी म्हणालो, हे एकटेच. लग्न झालं.

मामांच्या ओट्यावर एक फळी आहे. इतरांच्या घरी अशा फळीवर ढाली, करंडक, निदान नातवाचे फोटो असतात. मामांच्या फळीवर मेलेले इंपेलर आहेत. इंपेलर म्हणजे पंपाच्या पोटात गरगरून पाणी फेकणारा पंखा. पाहुणा आला की आधी पाण्याचा तांब्या, मग इंपेलर. "ह्याला हात लावा," मामा म्हणणार. "बोट लाल झालं? मंग हा गंजानं मेला. आता ह्यो बघा. लाल न्हाई काय न्हाई, सोच्छ करडा, पन मधाच्या पोळ्यावानी भोकं. ह्यो बुडबुड्यानं मेला." आणि तिसरा एक असतो, तो दोघांनी मिळून मारलेला. गंज वर खपली धरतो, बुडबुडा ती खपली उडवतो, खालचं कोरं लोखंड उघडं पडतं, त्याला परत गंज धरतो. "भागीत धंदा हाय दोघांचा," मामा सांगतात, आणि तो धंदा अजून तोट्यात गेलेला नाही.

माणसांची पारखही ते धातूवरून करतात. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, दिसायला दणकट, पण बुडबुड्यापुढे दोन हंगाम टिकत नाही; आमच्या दोन्ही मेव्हण्यांना त्यांनी बिडात टाकलं आहे. गनमेटल म्हणजे बऱ्यापैकी माणूस. मामी स्टेनलेस. माझ्याबद्दल विचारलं तेव्हा म्हणाले, "तुमी रंगवलेलं हायसा जावयबापू. आत काय हाय ते अजून दिसलं न्हाई."

निवृत्तीनंतर मामांनी गावोगावचे पंप तपासायचं व्रत घेतलं. फुकट. वाहन माझं, पेट्रोल माझं, भोरच्या बाजारातलं माझं झेरॉक्सचं दुकान तेवढा वेळ बंद. तपासायची तऱ्हा जुन्या फिटरांची: स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू पंपाच्या अंगावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि पोटातलं ऐकायचं. बुडबुडे फुटत असले की आत दाणे चावल्यासारखा आवाज येतो. त्या दाण्यांची मामांनी प्रतवारी लावली होती. रवा म्हणजे सुरुवात. तांदूळ म्हणजे सावध व्हा. गहू म्हणजे पंप उघडा. आणि खडी म्हणजे उघडू नका, नवा आणा. त्यांचा अंदाज कधी चुकला नाही. एका शेतकऱ्याला त्यांनी "तांदूळ, त्यो बी बासमती" असं सांगितलं होतं, आणि पंप उघडल्यावर भोकं खरंच लांबट निघाली, असं मी शपथेवर सांगू शकतो. शपथ कुणाची ते विचारू नका.

मग कधीतरी मूठ कानावरून दातांत गेली. मामा स्क्रूड्रायव्हर पावा धरावा तसा तोंडात धरायचे, डोळे मिटायचे आणि मान हलवायचे. लोकांना वाटलं, विद्या पुढच्या पायरीला पोचली. मलाही तसंच वाटलं. त्याच सुमाराला गावात एक कुरबुर सुरू झाली की मामा हल्ली लई मोठा माणूस झालाय, हाक मारली तर वळून बघत नाही.

उलगडा माझ्या दुकानात झाला. झेरॉक्सचं यंत्र एक दिवस असं किंचाळायला लागलं, की समोरचा चांभार, शेजारचा चहावाला आणि तहसीलकडे निघालेली चार माणसं दारात येऊन उभी राहिली. मामा यंत्राला पाठ लावून पेपर वाचत होते. त्यांनी शांतपणे पान उलटलं. मी खांद्याला हात लावला तेव्हा त्यांनी आधी माझ्याकडे, मग दारातल्या गर्दीकडे आणि मग यंत्राकडे पाहिलं, गल्ल्यावरची स्टीलची पट्टी उचलली, एक टोक यंत्राला टेकवलं, दुसरं दातांत धरलं आणि म्हणाले, "बेरिंग हाय."

गर्दी पांगल्यावर मी दार ओढून घेतलं आणि स्वतःच्या कानाकडे बोट दाखवलं. मामा म्हणाले, "ग्येलं कान. चार वर्सं झाली. तिथं कानात घालायला बोळं द्यायचं, पन बोळं घातलं की पात्याचा आवाज कळायचा न्हाई. म्हनून म्या ते खिशात ठेवायचो." मग पट्टी पुसून जागेवर ठेवली. "तोंडाकडं बघून बोलनं कळतं थोडंबहुत. पंपाला तोंड न्हाई. पन हाडातनं येतं सगळं. दात हायेत तवर म्या हाय. कुनाला बोलू नगा."

दात हायेत तवर. आता मामांच्या दातांची परिस्थिती अशी होती: वर तीन, खाली दोन, आणि त्यांतले एकमेकांना भेटणारे फक्त दोन. डावीकडचा वरचा एक आणि त्याच्या खालचा एक. दोन्ही हलणारे. भोरच्या दातांच्या डॉक्टरांनी सगळे काढून कवळी बसवायचा सल्ला दिला होता. मामांनी त्यांना एकच प्रश्न विचारला, "कशाची असती?" डॉक्टर म्हणाले, प्लास्टिकसारखीच. मामा खुर्चीतून उठून आले. नुसत्या तर्कावर विसंबणारा माणूस तो नव्हे; त्यांनी त्याआधीच मामींची कवळी परस्पर उचलून उत्रोलीच्या एका पंपावर चाचणी घेतली होती. "ऐकू आलं काही?" मी विचारलं. "आलं ना," मामा म्हणाले. "घरी आल्यावर. हिच्या शिव्या. त्येबी दातांशिवाय."

त्या दोन दातांची मामांनी जी निगा राखली, ती कुणी राजवाड्याचीही राखली नसेल. भाकरी दुधात कालवून. शेंगा बंद. ऊस बंद. मटणाचा नुसता रस्सा. आंबेमोहोर भातसुद्धा ते उजव्या हिरडीने चघळत. मामींना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना वाटायचं आपल्या हाताची चव गेली, आणि त्या उगीच मीठ वाढवत जायच्या. मी मध्ये बसून दोघांचं बघत होतो आणि खारट आमटी जेवत होतो.

तर अशा अवस्थेत आम्ही वेल्ह्याजवळच्या त्या गावी गेलो होतो. बगळे उडाले तो दिवस. गावाची नळयोजना त्या एका पंपावर. पंप नवा बसवला की चार महिन्यांत पाणी वर चढेना. उघडून बघावं तर इंपेलरचं पोळं झालेलं. दोन गेले होते. तिसरा बसवताना पुण्याहून एक कोटिंगवाले साहेब आले, त्यांनी त्याला आकाशी रंगाचा चकचकीत लेप लावून दिला आणि दहा वर्षं चिंता करू नका म्हणून सांगितलं. सरपंचबाईंनी इंपेलरला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि पंपाचं झाकण बसवून तो चालू केला. दोन महिन्यांनी गावातल्या हंड्यांत निळ्या टिकल्या यायला लागल्या. बायकांनी आधी एकमेकींच्या कपाळाकडे बघितलं.

साहेब पुन्हा आले होते. टिकल्या तळव्यावर घेऊन ते म्हणत होते की लेप जाडीला कमी पडला, आता दुप्पट लावू. मामा त्यांच्या ओठांकडे टक लावून बघत होते. साहेबांना वाटलं, म्हातारा भारावलाय.

"साहेब, कोटिंग तुमचं झ्याक हाय," मामा म्हणाले. "गंजाला. गंज वरनं येतो, त्याला ह्ये आडवं पडतं. पन रेनकोट घालून मार खाल्ला तर अंग भिजत न्हाई, एवढंच. मार लागतोच. जाड कोट घाला, पातळ घाला. आधी मारनारा बघाया पायजे."

"मारणारा कोण?" साहेबांनी जरा चिडून विचारलं.

"पानी उपाशी हाय. घास कुठं अडकलाय ते हुडका."

मग पाणी ओढणारा सक्शनचा पाइप नदीतून वर ओढला. त्याच्या टोकाला पाणी आत घेणारी जाळी आणि झडप असते. इंग्रजी नाव फूट-व्हॉल्व्ह, आमच्याकडे सगळे त्याला फुटबॉलच म्हणतात. चौघांनी जोर लावला तेव्हा तो फुटबॉल पाण्याबाहेर आला, आणि काठावरच्या सगळ्यांनी मान खाली घातली. फुटबॉल साडी नेसलेला होता. एक नाही, तीन. सर्वांत बाहेर जांभळी, तिच्या खाली हिरवी, आणि आतली शेवाळाने इतकी माखलेली की तिचा रंग सांगायला तिची मूळ मालकीणच लागली असती.

मूळ मालकीण तिथेच उभी होती. "आवो, नळातनं बारक्या मासोळ्या यायच्या," सरपंचबाई पदराशी चाळा करत म्हणाल्या. "प्वारांच्या तांब्यात यायच्या. म्हनून म्याच दिली बांधाया. माझ्या भावानं दिलेली व्हती, चांगली. ती फाटली आसंल म्हनून दुसरी."

"पहिली कुनी काढली न्हाई?" मामांनी विचारलं.

"न्हाई. वरनंच गुंडाळत ग्येलो," पंप चालवणारा गडी म्हणाला.

म्हणजे गाव आपल्याच पंपाचा गळा साडीने आवळत होतं, पुन्हा वरून स्वच्छतेसाठी. आवळल्यामुळे पाणी ताणलं जात होतं, बुडबुडे उठत होते, इंपेलर मरत होता, आणि पाणी कमी येतंय म्हणजे गाळ आत जात असेल म्हणून आणखी एक साडी. साहेबांनी टिकल्या हळूच खिशात टाकल्या. मामांनी मात्र त्यांना वाऱ्यावर सोडलं नाही, अपमानही केला नाही. म्हणाले, "आता लावा तुमचं कोटिंग. आता टिकंल. नदीचं पानी गंज आनतंच." मासोळ्यांसाठी मोठ्या घेराची जाळीची टोपली बनवायची, आत पाणी मोकळं फिरेल अशी, हेही त्यांनी काडीने वाळूत काढून दाखवलं.

साड्या सोडल्या, जाळी घासली, पाइप परत नदीत सोडला. आता राहिली शेवटची परीक्षा: दाणे गेले की नाहीत. कारण मामांच्या हिशेबी साडी हे एक कारण. पंपच नदीपासून फार उंचावर बसला असेल तर रोग तसाच राहणार, आणि मग खोली पाडून पंप खाली न्यावा लागणार. सगळं गाव खोलीच्या दारात जमलं. मोटार चालू झाली. मामांनी टोक पंपावर टेकवलं, मूठ डाव्या बाजूला दातांत धरली आणि डोळे मिटले.

मोटारीच्या घरघरीत काही ऐकू आलं नाही, पण मी समोर होतो, मला दिसलं. मामांचा जबडा एकदम बसला. त्यांनी तोंड मिटलं, सगळ्यांकडे पाठ केली, हातरुमाल तोंडाशी नेला आणि त्यात काहीतरी गुंडाळून तो विजारीच्या खिशात ठेवला. डावीकडचा वरचा दात गेला होता.

"काय मामा, ग्येला का रोग?" सरपंचबाईंनी विचारलं.

मामांना प्रश्न कळला. माझ्यासारखा असता तर बेधडक सांगितलं असतं की आता मासोळ्यांची पावलंसुद्धा ऐकू येतायत, आणि गावाने मान डोलावली असती. तीन साड्या पुराव्याला काठावर पडल्याच होत्या. मामांनी पंपाकडे बघितलं. पंप हलत होता, थरथरत होता, आणि त्यांच्याशी एक अक्षर बोलत नव्हता. मग त्यांनी स्क्रूड्रायव्हरची मूठ सदऱ्याला पुसली आणि पंप चालवणाऱ्या गड्यापुढे धरली.

"धर. दातात धर."

"म्या?"

"तूच. रोज हितं कोन असतं?"

गड्याने संकोचत मूठ चावली आणि टोक टेकवलं. लगेच त्याचे खांदे वर गेले. "आँ ऊँ," तो म्हणाला.

"काय म्हनतोय?" मामांनी मला विचारलं.

"गुदगुल्या होतात म्हणतोय."

"व्हत्यात. थांब जरा. डोळं मीट." मामा त्याच्या तोंडासमोर वाकले. एकाला ऐकू येत नव्हतं, दुसऱ्याला बोलता येत नव्हतं, आणि सगळं गाव त्या दोघांकडे बघत होतं.

"खडी हाय?"

गड्याने मान हलवली. नाही.

"गहू?"

नाही.

"तांदूळ? नीट आईक. घाई न्हाई."

गडी थबकला. कपाळाला आठी पडली. मामांचा हात खिशातल्या रुमालावर गेला. मग गड्याची मान हळूहळू हलली. नाही.

"रवा?"

या वेळी तो इतका वेळ ऐकत राहिला, की सरपंचबाईंनी दोनदा पदर सावरला. नाही.

"ग्येला," मामा गावाकडे वळून म्हणाले. शब्दातून थोडी हवा निसटली, पण ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. स्क्रूड्रायव्हर त्यांनी परत घेतला नाही. "ठिव तुझ्यापाशी. मूठ तेवढी धुवून घे," इतकंच त्याला सांगितलं आणि माझ्या गाडीवर येऊन बसले. वाटेत मी तीन विनोद केले. ते त्यांना ऐकू गेले नसणार, आणि ते बरंच झालं.

आता मामांना पुरी कवळी आहे, पांढरीशुभ्र. शेंगा खातात. मामींनी मीठ कमी केलं आहे. कानाचं यंत्रही आणलं आहे, पण ते बहुतेक फळीवर इंपेलरांच्या शेजारी असतं. त्यात सगळंच ऐकू येतं, असं ते म्हणतात, कावळे, मिक्सर, यष्टीचा हॉर्न, एकाच मापाने, आणि त्यातून काही निवडता येत नाही. पंप बघायला या म्हणून निरोप येतात. मामा स्वतः जात नाहीत, वेल्ह्याच्या त्या पंपवाल्या गड्याचा पत्ता देतात.

गेल्या रविवारी मी ओट्यावर बसलो असताना माझ्या मोबाईलवर त्याच गड्याचा फोन आला. मामा माझ्या तोंडाकडे बघत समोर बसले होते. मी दोनदा बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

"काय म्हनला?" मामांनी विचारलं. "कसला आवाज म्हनला?"

"कसलाच नाही मामा," मी म्हणालो. "नुसतं पाणी जातंय म्हणाला."